कुळागरातला पंप, ईएसपी३२ आणि आरटीओएस: खरंच लागतं का?

कुळागरी
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमचं कुळागर आहे, पोफळी, माड, थोडी केळी, पोफळींवर मिरी चढवलेली. पाणी खालच्या तळीतून थ्री फेज पंपाने वर येतं आणि पुढे चार भागांना चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत. कंट्रोलर घरीच केलाय. ईएसपी३२ (छोटी प्रोसेसर चिप), ४जी मॉडेम (तिथे वायफाय कुठलं!), फ्लो मीटर, तळीत फ्लोट (पाण्याची पातळी सांगणारा स्विच) आणि रिलेवरून कॉन्टॅक्टर (पंपाचा मोठा विजेचा स्विच). प्रोग्राम अर्डुइनोमध्ये, सगळं एकाच लूपमध्ये (परत परत फिरणाऱ्या कोडमध्ये) एकाखाली एक.

आता गंमत अशी की उन्हाळ्यात तळी आटायला लागली की फ्लोट खाली जातो, पण पंप कधी लगेच बंद होतो आणि कधी पाऊण मिनिट कोरडाच घरघरत राहतो. लॅपटॉप लावून बघितलं तर त्या वेळी प्रोग्राम मॉडेमशी बोलत बसलेला असतो, रेंज गेलेली असते आणि हा आपला एटी कमांडच्या (मॉडेमला दिलेल्या हुकमाच्या) उत्तराची वाट बघतोय. ओळखीतला एकजण म्हणाला आरटीओएस (रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) टाक, सगळं फास्ट होईल. नेटवर शोधलं तर फ्रीआरटीओएस, झेफिर, थ्रेडएक्स, व्हीएक्सवर्क्स, क्यूएनएक्स, नावांचीच जत्रा. कुठलं घेऊ? आणि मुळात घ्यायलाच हवं का?

लाल_एलईडी
आमच्याकडे डिचोलीत वीजच इतक्या वेळा जाते की पंप आपोआप वेळेवर बंद होतो, आरटीओएस वगैरे काही लागत नाही 😄

टिकटिक
"सगळं फास्ट होईल" हे पहिलं डोक्यातून काढा. एका टास्कवरून (म्हणजे कामाच्या एका तुकड्यावरून) दुसऱ्यावर जायला प्रोसेसरला थोडा वेळ लागतोच, त्यामुळे आरटीओएस टाकल्यावर एकूण काम कणभर जास्तच होतं. मिळतं काय, तर कुठलं काम जास्तीत जास्त किती उशिरा होईल हे आधी सांगता येतं. सरासरी कितीही छान असू दे, तुमचा पंप सरासरीने जळत नाही, त्या एका वाईट पाऊण मिनिटात जळतो.

तुमच्या केसमध्ये प्रोसेसरवर लोड किती असेल? दोन-तीन टक्के सुद्धा नसेल. २४० मेगाहर्ट्झचे दोन कोअर नुसते बसून आहेत आणि तरी काम उशिरा होतंय, कारण उशीर वाट बघण्यामुळे आहे. जास्त फास्ट चिप लावलीत तर ती जास्त फास्ट वाट बघेल.

आणि कुठलं घेऊ म्हणाल तर तुमच्याकडे ते आधीच आहे की! ईएसपी३२ वर अर्डुइनो चालतं तेच फ्रीआरटीओएसच्या डोक्यावर. तुमचा तो लूप म्हणजे त्यातलाच एक टास्क, प्रायॉरिटी १, स्टॅक (टास्कची कामापुरती मेमरी) ८ केबी. तुम्ही डिले (थोडं थांब) लिहिता त्याच्या पोटातही फ्रीआरटीओएसचाच डिले आहे. म्हणजे नवीन काही बसवायचं नाही, मॉडेमचं काम उचलून दुसऱ्या टास्कमध्ये टाकायचं.

पण त्याआधी एक करा. कागदावर लिहा, माझ्या कंट्रोलरला काय काय करायचंय, कुठलं काम किती वेळात व्हायलाच हवं आणि नाही झालं तर काय बिघडेल. हे न लिहिता आरटीओएस निवडणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

जुना_सोल्डर
टिकटिकताईंशी अर्धा सहमत. अर्धा नाही, कारण पंप कोरडा चालू नये ही गोष्ट सॉफ्टवेअरवर सोडायचीच कशाला? फ्लोटचा कॉन्टॅक्ट घ्या आणि एका छोट्या रिलेतून कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये टाका. पाणी गेलं, कॉइल सुटली, पंप बंद. त्यात ना टास्क ना प्रायॉरिटी. स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की पंप बंद करणारा) बसवतो तेव्हा आपण कुठे प्रोग्राम लिहितो? तसंच करंट बघून ट्रिप होणारा ड्राय रन रिलेही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

दुसरं, चार व्हॉल्व्ह आणि एक पंप ह्याला स्टेट मशीन (आत्ता कुठल्या टप्प्यावर आहोत ते लक्षात ठेवून पुढे जाणारा कोड) पुरेशी आहे. मी आयुष्यभर ८०५१ ह्या जुन्या चिपवर हेच केलं. टायमरचा इंटरप्ट (हातातलं काम थांबवणारा इशारा), मेन लूप, प्रत्येक काम छोटं छोटं, कुठेही थांबायचं नाही. आजकाल एलईडी लुकलुकवायलाही पोरं टास्क बनवतात.

टिकटिक
काका, हार्डवेअरचं शंभर टक्के मान्य, तो फ्लोट सिरीजमध्ये गेलाच पाहिजे, सॉफ्टवेअर असो नसो. आमच्या वेर्ण्याच्या ऑफिसात कुठलाही सेफ्टीचा कटऑफ फक्त फर्मवेअरमध्ये असलेला चालत नाही, रिव्ह्यूमध्येच अडकतो.

पण स्टेट मशीनचं तत्त्व "कुठेही थांबायचं नाही" हे तेव्हाच जमतं जेव्हा सगळा कोड आपला असतो. इथे मॉडेमची लायब्ररी दुसऱ्याची आहे, ती उत्तर येईपर्यंत फंक्शनमधून बाहेरच येत नाही. ती फोडून तिची स्टेट मशीन करायची म्हणजे मॉडेमच्या सगळ्या कमांड, टाइमआउट, अर्धवट उत्तरं, मधेच घुसणारे मेसेज हे सगळं परत लिहायचं. शक्य आहे, पण कुळागरवाल्या माणसाने ते का करावं? त्यापेक्षा ती लायब्ररी एका टास्कमध्ये कोंडून ठेवा, बसू दे तिला वाट बघत, वरच्या प्रायॉरिटीचा टास्क तिला बाजूला सारून आपलं काम करून जाईल. दुसऱ्याचा हट्टी कोड सांभाळायचा असेल तिथे आरटीओएस पैसे वसूल करतं. नुसते चार व्हॉल्व्ह असते तर मीही तुमच्याच बाजूने बोलले असते.

फर्मागुडी_थर्ड_इयर
ताई एक बेसिक शंका. सगळ्यात महत्त्वाच्या टास्कला सगळ्यात वरची प्रायॉरिटी द्यायची ना? मग मॉडेम खाली कसा? सगळा डेटा तोच पाठवतो, मालकाला मोबाइलवर दिसतं ते त्याच्यामुळेच. आणि आमच्या सिलॅबसमध्ये रेट मोनोटॉनिक आहे, पेपरात पाच मार्कांना येतं, पण ते खऱ्या कामात कोणी वापरतं का?

टिकटिक
महत्त्व वेगळं आणि घाई वेगळी. मॉडेमचं काम दहा सेकंद उशिरा झालं तर कोणाचं काय जातं? प्रायॉरिटी लावताना बघायचं कोणाची मुदत सगळ्यात जवळ आहे ते. ज्याचं काम लवकर लवकर परत येतं त्याला वर ठेवायचं, हेच तुझं रेट मोनोटॉनिक. लिऊ आणि लेलँड यांचा १९७३ चा पेपर. त्यांनी सिद्ध केलं की टास्क ठरावीक काळाने येणारे असतील, एकमेकांसाठी अडत नसतील आणि मुदत म्हणजे पुढची पाळी येईपर्यंतचा वेळ असेल, तर प्रोसेसरचा वापर एका हद्दीच्या आत असला की सगळे वेळेत होणार म्हणजे होणारच. दोन टास्क असतील तर ८२.८ टक्के, तीनला ७८, आणि कितीही वाढवले तरी हद्द ६९.३ च्या खाली जात नाही.

करून बघ. एक टास्क दर ५० मिलिसेकंदांनी येतो आणि १० खातो, म्हणजे २० टक्के. दुसरा दर १०० ला ३० खातो, ३० टक्के. तिसरा दर ३०० ला ६०, परत २० टक्के. बेरीज ७०, तिघांची हद्द ७८, झोप शांत. बेरीज ९० आली असती तर बोंब मारायची गरज नाही, तेव्हा प्रत्येकाचा वाईटात वाईट वेळ वेगळा काढून बघावा लागतो, कदाचित जमेलही. ऑफिसात आम्ही फॉर्म्युला घेऊन बसत नाही, पण बेरीज मात्र करतो.

अट लक्षात ठेव, "एकमेकांसाठी अडत नसतील तर". खऱ्या डिव्हाइसमध्ये ते अडतातच, आणि बहुतेक राडे तिथेच होतात.

वाळपईवालो
तो मंगळावरचा किस्सा सांगा ना कोणीतरी, प्रायॉरिटी इन्व्हर्जनचा. थर्ड इयरवाल्याला व्हायव्हाला हमखास विचारतील.

टिकटिक
सांगते. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं. आत व्हीएक्सवर्क्स. उतरलं छान, फोटो आले, आणि थोड्या दिवसांनी कॉम्प्युटर मधेच आपोआप रिसेट व्हायला लागला. आत वरच्या प्रायॉरिटीचा टास्क डेटाच्या बसची व्यवस्था बघणारा, खालच्या प्रायॉरिटीचा टास्क हवामानाची माहिती गोळा करणारा, आणि दोघांमध्ये एक सामायिक कुलूप, म्हणजे म्युटेक्स. हवामानवाल्याने कुलूप घेतलं, तेवढ्यात वरच्याला तेच हवं झालं, तो थांबला. इथपर्यंत ठीक, हवामानवाला क्षणात सोडणारच होता. पण मधल्या प्रायॉरिटीचे टास्क उठले, संदेशवहनाचे वगैरे, त्यांना कुलूप नकोच होतं, त्यांनी हवामानवाल्याला बाजूला सारून प्रोसेसर घेतला. आता खालचा कुलूप सोडू शकत नाही कारण त्याला प्रोसेसर नाही, वरचा पुढे जाऊ शकत नाही कारण त्याला कुलूप नाही. शेवटी वॉचडॉगला (मशीन अडकलं की रिसेट मारणाऱ्या पहारेकऱ्याला) वाटलं मशीन मेलं, त्याने रिसेट मारला.

आपल्याकडचं बोलायचं तर अरुंद साकवावर माडांनी भरलेला टेंपो, मागे ॲम्ब्युलन्स सायरन वाजवतेय, आणि साकवाच्या पलीकडच्या तोंडावर रेंट-अ-बाइकवाल्या पर्यटकांची रांग जी साकवावर यायचीच नाहीये, नुसती टेंपोच्या पुढून जातेय. ॲम्ब्युलन्सला टेंपोने अडवलं असं दिसतं, पण खरे अडवणारे बाइकवाले.

उपाय असा की कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती उसनी द्यायची. ह्याला प्रायॉरिटी इन्हेरिटन्स म्हणतात, शा, राजकुमार आणि लेहॉक्झी यांचा १९९० चा पेपर आहे त्यावर. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीच, त्या कुलपासाठी बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर त्यांनी गडबड परत घडवून आणली, कारण शोधलं आणि इथून मंगळावर बदल पाठवून ती चालू केली. मला ह्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की डिबगची (चूक शोधायची) सोय त्यांनी उडवताना काढून टाकली नव्हती. आपल्याकडे प्रोडक्शन बिल्ड म्हटलं की पहिला हात लॉगवर पडतो.

फ्रीआरटीओएसमध्ये ह्याचा थेट संबंध असा की तिथे म्युटेक्समध्ये प्रायॉरिटी इन्हेरिटन्स असतं, बायनरी सेमाफोरमध्ये (नुसता इशारा द्यायच्या खुणेत) नसतं. दिसायला दोन्ही सारखे. सामायिक गोष्टीला कुलूप लावायचं तर म्युटेक्स, इंटरप्टने टास्कला उठवायचं तर सेमाफोर.

दोन_तारा
एवढं करण्यापेक्षा रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) लावा ना, लिनक्स आहे, पायथनमध्ये लिहा, काम खतम. हल्ली लिनक्सही रिअल टाइम झालंय म्हणे.

वाळपईवालो
झालंय हे खरं, प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला रिअल टाइम करणारा बदल) जवळजवळ वीस वर्षं बाहेर पॅच म्हणून फिरत होतं आणि २०२४ मध्ये ६.१२ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) अधिकृतपणे आलं. पण म्हणून कुळागरात पाय लावायचा? मधेच वीज गेली की एसडी कार्ड करप्ट, बूट व्हायलाच कितीतरी वेळ, आणि पायथन वापरलंत तर कर्नल कितीही रिअल टाइम असू दे, तुमचा प्रोग्राम मधेच कचरा गोळा करायला (नको असलेली मेमरी मोकळी करायला) थांबेल तो थांबेलच. कॅमेरा वगैरे लावून माकडं ओळखायची असतील तर पाय घ्या, पंपाला नको.

आणि त्या नावांच्या जत्रेबद्दल. फ्रीआरटीओएस रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलं, २०१७ पासून ॲमेझॉन सांभाळतं, लायसन्स एमआयटी, फुकट. झेफिर २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे, त्यात ड्रायव्हर, नेटवर्क, ब्लूटूथ सगळं घरचंच, पण शिकायला डोंगर, डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) वाचून माझं डोकं गरगरलं होतं. थ्रेडएक्स २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि पुढे एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकलं, आता तेही ओपन. क्यूएनएक्स ब्लॅकबेरीकडे, मोटारींमध्ये खूप आहे. चिप बनवणारा ज्याची उदाहरणं देतो ते घ्या, बाकीचा वाद चहाबरोबर.

कुळागरी
देव बरें करूं सगळ्यांना. टिकटिकताईंनी सांगितलं तसं कागदावर लिहिलं आणि मजा म्हणजे कोरड्या पंपाची मुदत काही फार कडक निघाली नाही, पाच सेकंदांत बंद झाला तरी चालेल. कडक निघाली ती वेगळीच गोष्ट, जिचा मी विचारच करत नव्हतो. एका भागाचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याचा उघडतो तेव्हा जर मधे प्रोग्राम अडकला तर पंप चालू आणि चारही व्हॉल्व्ह बंद! आमच्याकडे पीव्हीसीचा सांधा मधूनमधून सुटतो त्याला मी पाइपवाल्याला बोल लावत होतो.

आता मांडणी अशी करतोय. पंप-व्हॉल्व्हचा टास्क सगळ्यात वर, दर १०० मिलिसेकंदांनी उठणार, फ्लोट, फ्लो आणि व्हॉल्व्ह बघणार. पुढचा व्हॉल्व्ह उघडून दोन सेकंद झाल्यावरच आधीचा बंद. चारही व्हॉल्व्ह बंद दिसले की पंप बंद. त्याखाली डिस्प्ले आणि बटणं. सगळ्यात खाली मॉडेम. टास्कनी एकमेकांशी बोलायला क्यू (निरोपांची रांग), ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्यांना दिसणारी सामायिक जागा) नाही. काही राहिलं का?

टिकटिक
मांडणी झकास. व्हॉल्व्हचा क्रम मुदतीपेक्षा महत्त्वाचा हे तुम्ही स्वतःच काढलंत. आता बारीकसारीक, जरा लांब होईल.

फ्लो मीटरचे पल्स इंटरप्टने मोजू नका, ईएसपी३२ मध्ये पल्स काउंटर नावाचं वेगळं हार्डवेअरच आहे, ते गुपचूप मोजत राहतं, तुमचा टास्क उठला की आकडा वाचायचा. शिवाय फ्लॅशमध्ये लॉग लिहिता तेव्हा तेवढा वेळ कॅशे (जिच्यातून फ्लॅशमधला कोड वाचला जातो ती) बंद असते आणि फ्लॅशमधला कुठलाच कोड चालू शकत नाही, इंटरप्टचा कोड आतल्या रॅममध्ये ठेवलेला नसेल तर तोही थांबतो. एक सेक्टर पुसायला दहा-वीस मिलिसेकंद सहज जातात, कधी शंभरच्या वर. तुमच्या वरच्या टास्कलाही ते लागू, प्रायॉरिटी काही कामाची नाही तिथे. १०० ऐवजी कधी ३०० मिलिसेकंदांनी उठला तर चालतंय ना एवढं बघून ठेवा, तुमच्या दोन सेकंदांच्या हिशोबात चालेल.

स्टॅक. मूळ फ्रीआरटीओएसमध्ये टास्क बनवताना स्टॅकचा आकडा वर्डमध्ये (इथे एक वर्ड म्हणजे चार बाइट) असतो, ईएसपीच्या आवृत्तीत बाइटमध्ये. नेटवरचं उदाहरण एसटीएम३२ ह्या दुसऱ्या चिपचं असेल आणि तोच आकडा इथे टाकलात तर चौथा हिस्सा स्टॅक मिळेल आणि मॉडेमची लायब्ररी एखाद्या लांब उत्तराला कोलमडेल. मोकळेपणाने ८ केबी द्या, दोन दिवस चालू द्या, मग हाय वॉटर मार्क वाचा, म्हणजे आजवर कमीत कमी किती शिल्लक राहिला होता ते कळतं. तो आकडा बघून मगच कमी करा.

वॉचडॉग. हा सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो. टायमरच्या इंटरप्टमधून कुत्र्याला भाकरी घालायची (म्हणजे 'सगळं ठीक आहे' सांगायचं) नाही! टास्क मेलेला असतो आणि टायमर इमानदारीने भाकरी घालत असतो. प्रत्येक टास्कने आपला एक बिट उचलायचा, एकाने सगळे बिट बघायचे, सगळे उचललेले असतील तरच भाकरी. मॉडेमला मात्र लांब मुदत द्या, नाहीतर रेंज गेली की दर वेळी रिसेट.

आणि क्यू भरली तर काय, हे आत्ताच ठरवा. रेंज तासभर नसेल तर मॉडेम काही उचलत नाही, क्यू फुल, आणि वरचा टास्क क्यूत टाकायला थांबला तर आलात परत मूळ पदावर. वरच्याने टाकताना वाट बघायची वेळ शून्य ठेवायची, जागा नसेल तर ते रीडिंग सोडून द्यायचं.

फर्मागुडी_थर्ड_इयर
हे सगळं आमच्या नोट्समध्ये का नाही 😭 ताई एसटीएम३२ वर काम करताना असंच काही लक्षात ठेवण्यासारखं?

टिकटिक
एकच, सगळे ह्यात आपटतात. फ्रीआरटीओएसच्या टास्कला आकडा मोठा म्हणजे प्रायॉरिटी वर, कॉर्टेक्स-एमच्या (एसटीएम३२ मधल्या प्रोसेसरच्या) इंटरप्टला आकडा लहान म्हणजे प्रायॉरिटी वर. आणि एका ठरावीक हद्दीपेक्षा वरच्या इंटरप्टमधून फ्रीआरटीओएसचं कुठलंही फंक्शन बोलवायचं नाही, ती हद्द कॉन्फिगच्या फाइलमध्ये असते. काही न लावता ठेवलंस तर इंटरप्टचा आकडा शून्य असतो, म्हणजे सगळ्यात वर, म्हणजे हद्दीच्या बाहेर. कॉन्फिगमध्ये असर्ट (चूक दिसली की तिथेच थांबवणारी तपासणी) चालू ठेव, तो लगेच पकडतो. बंद ठेवलास तर कधीतरी महिन्यातून एकदा हँग होईल आणि शोधत बसशील.

जुना_सोल्डर
सॉफ्टवेअरवाल्यांचं झालं असेल तर दोन शब्द. कुळागरीबाब, ईएसपी रिसेट होतो तेव्हा त्याचे पाय (पिना) काही क्षण अधांतरी असतात, रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला पुलडाउन रेझिस्टर (तो शून्यावर खेचून ठेवणारा) आहे ना? नसेल तर वॉचडॉग रिसेट मारेल आणि त्याच क्षणी पंप फटकन चालू होईल. चारही व्हॉल्व्हना पण तेच बघा. आणि बोर्डच्या डब्याला ग्लँड (वायर आत जाते तिथलं सील) घट्ट लावा, पावसात मुंग्या आत घर करतात, मी उघडलेल्या निम्म्या डब्यांत मुंग्यांची अंडी होती.

कुळागरी
पुलडाउन आहे काका, १० के. मुंग्या पण आहेत 😅 एक अजून, कॉन्टॅक्टर सुटताना कधीकधी बोर्ड रिसेट होतो, तेही टास्कमुळे का?

जुना_सोल्डर
नाही रे बाबा, ती कॉइलची ठिणगी. कॉइलच्या दोन टोकांवर आर-सी स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा, १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर एक्स२ क्लासचा (मेन लाइनवर लावायच्या जातीचा). पण आधी कॉइलवर काय छापलंय ते वाचा. शेतीच्या पंपांच्या स्टार्टरमध्ये बऱ्याचदा दोन फेजमधली ४१५ व्होल्टची कॉइल असते, तिथे २७५ व्होल्टवाला कपॅसिटर लावू नका, जास्त व्होल्टेजचा तयार स्नबर घ्या. मेन बंद करून, टेस्टरने तपासून मगच हात घाला, आणि मॉडेमची अँटेनाची वायर कॉइलच्या वायरींपासून लांबून न्या.